मियास आणि मगर

बोर्निओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सारावाक नावाचा प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे जेम्स ब्रूक नामक इंग्रज गृहस्थ ‘राजा’ ही पदवी धारण करून राज्य करीत होता. आपला संस्कृत शब्द समुद्र ओलांडून मलायी भाषेत जावा आणि तेथून एका इंग्रजाच्या नावामागे लागावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! या राजाच्या मुलुखात १ नोव्हेंबर १८५४ रोजी आल्फ्रेड रसेल वॉलेस हा प्राणिसंग्राहक उतरला. तो धनिक नव्हता. पशुपक्षी व कीटक मिळवावेत, त्यांची कातडी व सांगाडे विलायतेस पाठवावेत आणि त्या विक्रीवर निर्वाह करावा, असा त्याचा व्यवसाय होता. यापूर्वी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे खपून जमविलेला त्याचा संग्रह १८५२ मध्ये परतीच्या प्रवासात जहाजासह जळून गेला होता. अशा आघातानंतर पुन्हा त्याच धंद्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास निघालेल्या या माणसाच्या चिकाटीपुढे आम्हांस मान लववावीशी वाटते.

१८५५ च्या मार्चमध्ये वॉलेस सिमुंजान नदीच्या काठी जाऊन राहिला. तेथे कोळशाची खाण नुकतीच सुरू होत होती व तिच्यासाठी दायाक आणि चिनी मजूर रान तोडीत होते. तोडलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर कीटकांची झुंबड उडे. संग्राहकास याहून अधिक काय पाहिजे? परंतु त्याचे खरे लक्ष्य वेगळे होते. त्यास ओरांग उतान पाहावयाचा होता. मलायी भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘उतान’ म्हणजे अरण्य. आपला ‘वनमानुष’ हा शब्द अगदी याच अर्थाचा आहे. दायाक लोक मात्र या प्राण्यास ‘मियास’ म्हणत, आणि वॉलेसनेही पुढे तेच नाव वापरले. आम्हीही येथे तेच वापरतो.

सिमुंजानच्या परिसरातील दायाक प्रमुखांना ‘ओरांग काया’ म्हणत. वॉलेसने अशा दोन प्रमुखांना एक प्रश्न विचारला : या अरण्यात मियासचा शत्रू कोण? दोघांच्या उत्तरांचा आशय त्याने १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मलाय द्वीपसमूह’ या आपल्या प्रवासग्रंथात नमूद केला आहे. आमचा प्रस्तुत लेख या दोन साक्षींविषयी आहे.

पहिल्या प्रमुखाचे आयुष्य जेथे मियास विपुल आहेत अशाच प्रदेशात गेले होते. त्याने सांगितले की मियासला इजा करील असा बलवान प्राणी रानात नाही. त्याची झुंज होते ती केवळ मगरीशी. रानातली फळे संपली की तो नदीकाठी येतो, कारण तेथे त्यास आवडणारे कोवळे कोंब मिळतात. अशा वेळी मगर त्याला धरू पाहते. पण तो तिच्या अंगावर चढून हातापायांनी तिला बडवतो, फाडतो आणि ठार करतो. अशी एक झुंज आपण स्वतः पाहिल्याचेही त्याने सांगितले. दुसरा प्रमुख बालाऊ दायाकांचा. त्याने मगरीच्या जोडीस अजगरही घेतला, आणि मगरीच्या मृत्यूची रीत अधिक बारकाव्याने सांगितली : मियास तिच्यावर उभा राहतो, तिचे जबडे ओढून उघडतो आणि तिचा गळा फाडतो.

हे वाचताच आमच्या वाचकांना काही आठवले नाही काय? अध्यात्मरामायणाच्या युद्धकांडात हनुमान औषधीसाठी निघालेला असता कपटी कालनेमी त्यास वाटेत अडवितो व सरोवरावर पाठवितो. तेथे मकरी त्याला गिळू पाहते. मारुती आपल्या दोन्ही हातांनी तिचे तोंड फाडतो, आणि ती मरून शापमुक्त अप्सरा होते. आमच्या देवळांतून हरिदासांनी हा प्रसंग रंगवून सांगितला म्हणजे लहान मुले श्वास रोधून ऐकत असत. वानराचे दोन हात आणि मगरीचे दोन जबडे, हे चित्र एक असे आपल्या पुराणात आहे आणि दुसरे सिमुंजानच्या काठी. दायाकांनी ते आपल्याकडून घेतले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हात असलेला प्राणी आणि केवळ तोंड असलेला प्राणी समोरासमोर उभे केले की कोणत्याही देशाच्या कल्पनेस बहुधा हाच शेवट सुचावा.

वानर आणि मगर यांची दुसरी कथा मात्र आपल्याकडून त्या बाजूस खरोखरच गेली आहे. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातील जांभळीच्या झाडावरचा वानर आणि त्याचे काळीज मागणारा मगर आपण सर्वांनी बालपणी ऐकले आहेत. जातकांतही ती कथा आहे. जावा बेटावर नवव्या शतकातील चंडी सोजिवान या बौद्ध मंदिराच्या पायथ्याशी ती दगडात कोरलेली आहे. येथे वानर जिंकतो तो बळाने नव्हे, बुद्धीने. आणि तेही पाण्याच्या मध्यभागी, मगरीच्या पाठीवर बसलेला असताना, कारण तेथे बळाचा उपयोग नाही हे कथाकारास पक्के ठाऊक आहे. हिंदुस्थानातील कथाकारांनी मर्कटे पाहिली होती. मियासच्या तोडीचा महाकपी आपल्या अरण्यांत नाहीच. आसामातील हुलूक तेवढा त्या कुळाचा दूरचा, लहान चणीचा नातलग. त्यामुळे मर्कटाने मगरीस मारल्याची गोष्ट रचावयाची तर तो मर्कट प्रत्यक्ष पवनपुत्रच असावा लागला.

असो. आता साक्षीकडे वळू. वॉलेस हा भोळा मनुष्य नव्हता. मियासच्या उंचीविषयी पुष्कळ वल्गना त्याच्या कानी आल्या होत्या. त्याने स्वतः मिळविलेले प्राणी मोजले, आणि मोठ्यातला मोठा नरही उभा केला असता सव्वाचार फुटांच्या आतच भरतो असे निक्षून लिहिले. हातांचा पसारा मात्र सात फुटांहून अधिक. म्हणजे छाती आणि बाहू मल्लाचे, पाय आखूड. उंचीच्या बाबतीत याप्रमाणे त्याने सर्वांच्या बोलण्यास फूटपट्टी लावली. मगरीच्या झुंजीस लावावयास फूटपट्टी नव्हती. तेव्हा ती हकीकत त्याने ऐकली तशीच छापली. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. पहिला साक्षीदार एक झुंज पाहिल्याचे सांगतो आणि मियास नेहमीच जिंकतो हा आपला समज त्यास जोडतो. पाहिलेली गोष्ट एक. ‘नेहमीच’ हा शब्द त्या एकीवर चढविलेला कळस.

आज आपणांस जे ज्ञान आहे त्याच्या प्रकाशात पाहिले असता पहिल्या प्रमुखाच्या सांगण्याचा बराच भाग खरा ठरतो. मियास हा फळांवर जगणारा प्राणी आहे आणि फळे नसली की तो साली, पाने व कोंब यांवर गुजराण करतो. सुमात्रा बेटात वाघ असल्यामुळे तेथील ओरांग उतान क्वचितच भुईवर उतरतो. बोर्निओत वाघ नाही, म्हणून तेथील मोठे नर पुष्कळदा खाली उतरून चालतात. पूर्ण वाढलेल्या नरास रानात शत्रू नाही, हे म्हणणेही म्हणूनच अवास्तव नव्हे. नदीकाठ तेवढा राहिला. तेथे पाण्यात दुसरे राज्य सुरू होते.

त्या राज्याचा कारभार कसा चालतो? बोर्निओच्या खाऱ्या व मचूळ पाण्यातील मोठी मगर ही आज जगात जिवंत असलेल्या सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांत आकाराने सर्वांत मोठी. नर पाच मीटरांवर जातो आणि त्याचे वजन चारशे किलोहून अधिक भरते. मियासचा थोराड नर ऐंशी-नव्वद किलोंचा. या मगरीच्या चाव्याचा जोर शास्त्रज्ञांनी उपकरणाने मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तो सोळाशे किलोंच्या भाराहून अधिक निघाला. येथे एक मौज आहे. मगरीचे जबडे मिटविणारे स्नायू जितके प्रचंड, तितकेच उघडणारे स्नायू दुबळे. तोंड मिटलेले असताना ते दोरीने किंवा साध्या चिकटपट्टीने बांधून ठेवता येते. मगरी पकडणारे लोक नेहमी तसेच करतात. म्हणजे मियासने मगरीचे तोंड दाबून धरले असे दुसऱ्या प्रमुखाने म्हटले असते, तर त्यात अशक्य काही नव्हते. परंतु तो म्हणतो, जबडे ओढून उघडले! मगरीच्या साऱ्या देहात जेथे तिचे बळ एकवटलेले आहे, नेमके त्याच्या विरुद्ध जावयाचे. दंतकथेस नेहमी हेच आवडते. शत्रू जेथे सर्वांत बलाढ्य तेथेच वीराने त्यास हरवावे, कारण दुबळ्या जागी हरविण्यात शोभा ती कोणती?

दुसरी गोष्ट पाण्याची. महाकपींना पोहता येत नाही. प्राणिसंग्रहालयांत त्यांना अडवावयास पुष्कळदा पाण्याचा खंदक पुरतो, आणि त्यात पडून बुडालेल्या वनमानुषांची उदाहरणे आहेत. मगरीची रीत तर भक्ष्यास पाण्यात ओढून बुडविण्याचीच. तिला दीर्घकाळ झगडण्याचा दम नसतो, तिचे रक्त थंड, धाप लवकर लागते. परंतु पहिल्या क्षणी पकड बसली आणि पाणी कमरेवर आले की पुढे फारसे झगडावे लागतच नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राची कथा येथे मुद्दाम आठवावी. हत्तीहून मगर मोठी आहे असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही. त्रिकूट पर्वतावरील सरोवरात हत्ती ओढला गेला, आणि जसजसा काळ लोटला तसतशी गजेंद्राची शक्ती क्षीण होत गेली व जलचराची वाढत गेली, एवढेच तेथे आहे. भक्तिरसाच्या ओघात आपण या बारीक निरीक्षणाकडे दुर्लक्ष करतो. ज्याने ते लिहिले त्याने केव्हातरी पाणवठ्यावर उभे राहून नीट पाहिलेले असले पाहिजे.

मग पहिल्या प्रमुखाने सांगितले ते खोटे काय? आमचा कयास निराळा आहे. मगर जन्मतः हातभर लांबीचीही नसते, आणि पाच मीटर होण्यापूर्वी ती अनेक वर्षे दीड-दोन मीटरांची असते. बोर्निओच्या काळ्या, संथ ओढ्यांतून लांब निमुळत्या तोंडाची आणखीही एक जात राहते. गंगेतील घडियालाची आठवण व्हावी अशी. दक्षिण बोर्निओतील तांजुंग पुतिंग येथे बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ पासून ओरांग उतानांचे दीर्घ निरीक्षण केले, आणि त्याच परिसरात या जातीच्या मगरींनी नदीकाठची माकडे पकडल्याच्या नोंदी पुढे झाल्या. ऐंशी किलोंच्या चिडलेल्या नराने अशी एखादी मध्यम मगर चिखलात गाठून बडवली असेल तर ते सर्वथैव संभवनीय आहे. ‘बडवतो, फाडतो’ हे शब्द पाहिलेल्या माणसाचे वाटतात. जबड्यांची कथा मात्र आम्हांस ऐकीव वाटते.

मियासच्या दातांचा प्रत्यय वॉलेसला स्वतःच्या काळातच मिळाला होता. नदीकाठी कोंब खात बसलेल्या एका मियासवर काही दायाक भाले घेऊन गेले. पुढच्या माणसाने भाला खुपसू पाहिला. मियासने तो हातांनी धरला आणि क्षणार्धात त्या माणसाचा दंड तोंडात धरून दात एकमेकांस भिडेपर्यंत चावला. बाकीचे जवळ नसते तर तो माणूस वाचता ना. त्याचा हात पुढे कधीच पूर्ववत झाला नाही. जोसेफ वोल्फ या चित्रकाराने काढलेले या प्रसंगाचे चित्र वॉलेसच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठासमोर छापले आहे, आणि पुढे अनेक वर्षे युरोपात वनमानुष म्हटला की लोकांना हेच चित्र दिसे. त्या चित्रात मियास एकटा आहे व माणसे पाच-सहा आहेत, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

त्याच ग्रंथात दुसरेही एक चित्र आहे, शब्दांचे. वॉलेसने एक मादी बंदुकीने पाडली. तिचे पोर खाली दलदलीत पालथे पडलेले त्यास सापडले. फूटभर लांबीचे, दात न आलेले. त्याने ते उचलून घरी नेले. वाटेत त्या पोराने त्याची दाढी अशी घट्ट धरली की ती सोडविता सोडविता तो बेजार झाला. दूध मिळेना, तेव्हा भाताची पेज बाटलीतून पिसाच्या नळीने पाजली. तो त्याला न्हाऊ घाली, पुसी, केस विंचरी. धरावयास आई नाही म्हणून त्याने म्हशीच्या कातड्याची एक गुंडाळी करून टांगली, तेव्हा ते पोर तिला बिलगले आणि दूध शोधू लागले. तोंडात केस जाऊन गुदमरेल या भयाने ती गुंडाळी काढून टाकावी लागली. सोबतीस एक लहानसे माकड आणून दिले. सुमारे तीन महिने ते जगले, नंतर तापाने मेले. वॉलेसला फार वाईट वाटले, असे तो मोकळेपणी लिहितो. आणि लगेच त्याचे कातडे व सांगाडा त्याने संग्रहासाठी राखून ठेविला. आम्ही हा भाग अनेकदा वाचला आहे. त्यात ढोंग कोठेही नाही. कदाचित म्हणूनच तो वाचवत नाही.

मगरीचे पोर कोणी असे पाजले नाही. तिच्या वाट्यास भय आले, आणि भयाबरोबर आदर. इबान दायाक विनाकारण मगर मारीत नसत. तिने माणूस नेला तरच सूड घेत. भातशेतीवर कीड व उपद्रवी प्राणी आले म्हणजे ते शेतात मातीची मोठी मगर घडवीत व तिला नैवेद्य दाखवीत, असे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेल्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेविले आहे. गोमंतकातील वाचकांना हे वाचून नवल वाटणार नाही. फोंडा महालात दुर्भाट, आडपई इकडे पौषी अमावास्येस खाजन शेतीच्या बांधावर मातीची मगर करून तिची पूजा होते, ती मांगेथापणी. ओल्या चिखलाचे अंग, शिंपल्यांचे खवले, काटक्यांचे दात. बांध फुटू नये, खारे पाणी भातात शिरू नये, हे मागणे. कुंभारजुव्याच्या खाडीतील मगरी आम्ही होडीतून पाहिल्या आहेत; ओहोटीला चिखलावर तोंड उघडून निश्चल पडलेल्या, जणू त्याच चिखलाच्या केलेल्या. बडोद्याच्या आमच्या वाचकांना तर विश्वामित्रीमुळे हे दृश्य शहराच्या मध्यभागीच घडते. आपल्याकडची ही मगर बोर्निओतील मगरीहून वेगळ्या जातीची आणि आकाराने लहान. तरीही जेथे भात आणि मचूळ पाणी एका बांधाने वेगळी होतात, तेथे एकमेकांस अनोळखी अशा दोन शेतकरी समाजांना चिखलात एकच प्राणी दिसावा, ही गोष्ट आम्हांस झुंजीच्या कथेहून अधिक मोलाची वाटते.

सिमुंजानच्या शेजारी बातांग लुपार ही मोठी नदी आहे. तेथे पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक मगर वर्षानुवर्षे माणसे नेत असे. लोक तिला बुजांग सेनांग म्हणत आणि शापाने मगर झालेला पूर्वीचा योद्धा मानीत. भागवतातला ग्राह देवल ऋषींच्या शापाने मगर झालेला हूहू गंधर्व, आणि हा योद्धा; शापाची तऱ्हाही सारखीच. १९९२ च्या मे महिन्यात ती मारली गेली तेव्हा तिची लांबी एकोणीस फुटांवर भरली. अशा मगरीपुढे मियास उभा राहिला असता तर काय झाले असते, याविषयी आमच्या मनात तरी संदेह नाही.

तेव्हापासून सारावाकच्या नद्यांतील मगरींना संरक्षण मिळाले व त्यांची संख्या इतकी सावरली की २०१६ मध्ये तेथील मगरींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय निर्बंध काहीसे सैल करण्यात आले. मगर एका वेळी चाळीस-पन्नास अंडी घालते. बहुतेक पिले मरतात, पण काठ आणि मासे राहिले तर दोन-तीन दशकांत नदी पुन्हा भरते. मियासचा हिशेब निराळा आहे. मादीस एक पोर होते, त्याला ती सहा-सात वर्षे सांभाळते, आणि दोन पोरांत सात-आठ वर्षांचे अंतर पडते. कोणत्याही सस्तन प्राण्यात याहून संथ वाढ सापडणे कठीण. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरांग उतान नाहीसे झाले. तेलताडाच्या मळ्यांसाठी रान तोडले गेले हे एक कारण. परंतु रान शिल्लक असलेल्या भागांतही ते शिकारीने व शेतकऱ्यांशी आलेल्या विरोधाने मारले गेले. २०१६ मध्ये बोर्निओची जात अत्यंत संकटग्रस्तांच्या यादीत गेली. २०१७ मध्ये सुमात्रात तापानुली नावाची तिसरी जात शास्त्रज्ञांनी प्रथमच ओळखली, तेव्हा तिचे सारे मिळून आठशेही प्राणी उरले नव्हते.

सारावाकमधील मियास आता मुख्यत्वे लांजाक-एन्तिमाऊ आणि बातांग आई येथील संरक्षित अरण्यांत आढळतो. ही अरण्ये डोंगराळ, नद्यांच्या उगमाकडची. मोठ्या मगरी राहतात त्या खाली, रुंद आणि गढूळ पाण्यात, समुद्राच्या बाजूस. वॉलेसच्या पहिल्या साक्षीदाराने जी झुंज पाहिल्याचे सांगितले ती पुन्हा घडावयाची तर भुकेला मियास सपाटीवरच्या नदीकाठी कोंब खावयास यावा लागेल, आणि ते काठ आता बऱ्याच अंशी तेलताडाच्या ओळींनी व्यापले आहेत.